खोळीतली बंदूक

बाबा, परवा हत्यारांच्या दुकानातल्या काकांनी तुमची बंदूक खोळीतून काढली, नळीवर गंजाचा तांबूस पट्टा दिसला, आणि तिथंच माझं मन अडलं. तोवर मी ती घरी न्यायच्या घाईत होतो. परवाना माझ्या नावावर झाला म्हणून मित्रांना चहाही पाजला होता. तुम्ही गेल्यावर आईनं ती तुमच्या लोकरी मफलरात गुंडाळून, खोळीत घालून ह्या दुकानात जमा केली. तिला वाटलं, नीट राहील. मफलर इतके पावसाळे ओल धरून बसला. अन् मयत माणसाची वस्तू म्हणून काकांनीही खोळ सोडली नाही.

तुम्ही रामदासपेठेतल्या बँकेवर हीच बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे राहायचे. रविवारी स्वयंपाकघरात पेपर अंथरता, नळी बिजागरीवर मोडून उघडता, गजाला चिंधी लावून आतून फिरवता. आई कुरकुरते, पोह्यांना तेलाचा वास लागते म्हणून. मी नळी हातात घट्ट धरतो आणि तुम्ही मनगटावर चापट मारता. "हाताचा घाम लोखंडाले खाते गा. पूस ते." मी विचारतो, मग खोळीतच काहून नाही ठेवत? "खोळ रस्त्यापुरती. घरी तिले हवा पाहिजे." आईला हे कोणी सांगितलंच नाही.

तुम्हाला माहीत नसलेली एक मुलगी आहे, कामठीची. घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं, मग मीही मधातच सोडलं. आता तिचं लग्न ठरलं, कन्हानला. गेल्या आठवड्यात ऑटो स्टँडवर तिचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉलेज झेपलं नाही याले, चालला माह्या बहिणीले सांभाळाले." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. तेव्हापासून एकच विचार डोकं खाते: त्या वेळी आपल्या कपाटात ही बंदूक असती तर? किल्ली माझ्याचकडे असती. काल आईनं भाकरी उलटवत, माझ्याकडे न बघता विचारलं, "आणून राहिला का तू ते घरी?" मी पाण्याचा तांब्या भरायला घेतला. तिनं ती भाकरी करपू दिली.

परवा गंजावर तेल सोडून ठेवलं होतं. आज बारीक स्टील वूलनं, नळीवर चढवलेलं निळं पाणी उडू नये म्हणून हलक्या हातानं घासतो. लाल निघते, खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात. काका म्हणतात ते आता जात नाहीत, पण वाढूही द्यायचे नाहीत. कोरडं फडकं, मग तेलाचं, दर महिन्याले, पावसात जास्तच. मग कागद पुढं सरकवतात.

"नेतो का मंग आज? तुह्या बापाची आहे."

मी फडकं खाली ठेवलं. म्हटलं, "राहू द्या इथंच, काका. तेल मी येऊन लावत जाईन."

त्यांनी कागद परत ओढून घेतले. बंदूक पुसून, खोळीशिवाय, रॅकवर उभी केली. बाकावर बसून हे लिहिलं, आता घडी करून खिशात घालतो. धाडायचं नाहीच. आईला सांगेन, दुकानदारानंच दिली नाही. तो तर द्यायला बसला होता, बाबा. मी उठतो, बाहेर येतो, आणि दुकानाचं दार मागं ओढून घेतो.