आगोटीची कॉफी

बाबा,

१. मे महिन्यात महाडच्या ग्राहक भांडाराने नेहमीच्या चौपट कॉफी मागवली. आम्ही पाठवली.
२. श्रावणात गिऱ्हाइकांनी पाकिटं उघडली. आत ढेकळं.
३. भांडाराने माल ओलीत ठेवला, असा कंपनीने तयार केलेला अहवाल मी शनिवारी सही करून द्यायचा आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, म्हणून सांगते. मी अन्न तंत्रज्ञान शिकले. आता मुंबईत एका कॉफी कंपनीत आहे. देशभरच्या किराणा भांडारांना जाणारा माल मी बघते. दिल्लीला जातं तेच पाकीट महाडला जातं.

काल तिथे जाऊन आले. माल फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. पाकिटांचे जोड शाबूत. म्हणजे ओल पाकिटाच्या कागदातूनच शिरली. तो तिथल्या पावसाळी हवेत दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. भांडार सांभाळणारे गृहस्थ तुम्हाला ओळखत होते. म्हणाले, "तुमच्या सायबांना वाटलं काय, म्हाडकर मे म्हैन्यात कॉफीनं आंघोळ करतात? आगोट हाय ती, पावसाचे चार म्हैने पुरंल येवढं आधीच भरायचं! आनि तू पोलादपूरच्या दुकानातली ना गो? तुला पन ठाव नाय?"

मी म्हटलं, "चार नमुने द्या."

"ने गो बाय. फोडायला हातोडी पन देतो."

अहवाल तसाच गेला तर त्यांची नोकरी जाईल. भांडाराच्या समितीने त्यांना तसं बजावलं आहे. खरं लिहिलं, तर पाकीट मंजूर करणारी सही माझी आहे.

मला ठाऊक होतं, बाबा. ज्येष्ठात आपल्या दुकानासमोर रांग आहे, कुडपणची एक बाई चार महिन्यांचं मीठ-गूळ-चहा भरते आहे. मी दहा वर्षांची, घाईने चहा एकाच कागदात बांधते. तुम्ही पुडी सोडता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "ही भादव्यात उघडणार. शाळेत पहिली येतेस, आणि पुडी कुणासाठी बांधतेस ते कळत नाही?" मग तुम्ही ती तीन कागदांत बांधता, वर मेणकापड. त्या रात्री मी जेवले नाही. एवढं चारचौघांत बोलायची गरज नव्हती, असं मला अजून वाटतं. नंतर कधी जवळ घेऊन समजावलंही नाहीत.

पाकीट ठरवायच्या बैठकीत मी एकटीच बाई होते. कोकणात माल चार महिने घरात राहतो, हे एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, हे तुम्हाला कसं माहीत? पोलादपूरच्या किराणा दुकानात वाढले, हे मला तिथे सांगायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले.

हे पत्र कुठे टाकणार, हे मलाही माहीत नाही. तरी, कोणत्या कागदावर सही करू, ते शुक्रवारपर्यंत कळवा.