पहिली तार आणि इतर जंगम मालमत्ता

मी, इलारियो कांतेरो, वय चोपन्न, राहणार ग्वादिश, पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ कारकून, असं लिहून ठेवतो की आजच्या तारखेला माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण कायद्याला झडपेशी देणंघेणं नाही. हा कागद मी स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहितो आहे. माझ्यावर दबाव कोणाचाच नाही. एक अन्याय मात्र झाला आहे, तो आधी नोंदवतो.

मंगळवारच्या शस्त्रक्रियेसाठी ग्रानाडाच्या रुग्णालयाने सूचनांचा कागद पाठवला आहे. दागिने काढावेत, कवळी काढावी, इथवर माझी तक्रार नाही. सहावी सूचना अशी : ‘दोन्ही हातांची नखं मुळाशी कापून यावं.’ माझ्या उजव्या हाताची चार नखं मी तेवीस वर्षं जपली आहेत. कानशीने घासली, तुटली तेव्हा डिंकाने सांधली. त्यांच्यापायी मी माशांचे डबे उघडले नाहीत, भांडी विसळली नाहीत, आणि दोन अंत्ययात्रांत शवपेटीची कडी धरली नाही, ज्याबद्दल सासरी अजून बोललं जातं. मी रुग्णालयात फोन केला.

“बोटाला चिमटा लावतात, साहेब,” पलीकडची बाई म्हणाली. “श्वास तपासायला.”

“मग डाव्या हाताला लावा. गिटार वाजवणाऱ्याची डावी नखं कापलेलीच असतात.”

“कागदावर दोन्ही लिहिलंय.”

मीही कारकून आहे. कागदावर लिहिलंय म्हटल्यावर पुढे बोलायचं नसतं, हे मला कळतं. या शस्त्रक्रियेतून शंभरात चौघं परत येत नाहीत, असं डॉक्टर सांगतात. नखं मात्र शंभरात शंभरांची जातात, आणि पुन्हा वाजवण्याजोगी व्हायला चार महिने. म्हणजे जे वाजवायचं ते आजउद्यात. आणि खरी अडचण ही की या नखांनी मी आजवर, एक गुरू सोडले तर, एकाही माणसासमोर गिटार वाजवलेली नाही.

कलम एक. टेकडीखालचं घर, पुढच्या बांधलेल्या तीन खोल्या आणि मागे डोंगरात कोरलेल्या दोन, हे सर्व माझी पत्नी विसितासियोन हिला. सगळ्यात आतली खोली माझ्या रियाजाची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विसीनेच मला तिथे पाठवलं. तिचं म्हणणं, देवाने डोंगर उगाच घातलेला नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही तिला. रकमेबद्दल काही लिहीत नाही. ती तिला माझ्याहून नेमकी माहीत आहे.

कलम तीन. ठेका मोजायचं लाकडी, लंबक असलेलं यंत्रही विसीलाच, तिच्या स्वतःच्या मागणीवरून. काल रात्री जेवताना मी विचारलं, “माझ्या वस्तूंपैकी तुला आठवण म्हणून काय हवं?” ती म्हणाली, “ते टिकटिक करणारं दे.” मला भरून आलं. मग म्हणाली, “गच्चीवरून फेकायचंय.” म्हणून स्पष्ट करतो : यंत्रावर तिचा संपूर्ण मालकी हक्क राहील, गच्चीच्या हक्कासह.

याच कलमात अठ्ठावीस वह्या. माझे गुरू कास्तो रेल्वेत सिग्नलवर होते. निवृत्त झाल्यावर ते चार वर्षं मला शिकवत होते, चार वर्षांनी वारले. पहिल्याच दिवशी त्यांनी शाळेच्या वहीत पट्टी धरून दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘शिस्त’, दुसऱ्यावर ‘हुंदडणं’. “अर्धा तास सरळ आणि उलट सुरांचा व्यायाम, यंत्र लावून,” ते म्हणाले. “मग यंत्र बंद. अर्धा तास जे सुचेल ते, जसं जमेल तसं. नुसती शिस्त म्हणजे घाण्याचा बैल, नुसतं हुंदडणं म्हणजे दावं तोडलेला बैल. मला बैल शेतात हवाय, काय समजलास?”

मी पहिला रकाना समजलो. कारकुनाला रकाना दिसला की तो भरतो. दुसऱ्यासाठी मी मनाशी ठरवलं, आधी हात तयार होऊ दे. हात बहुधा दोन हजार एकच्या सुमारास तयार झाला असावा, पण तोवर पुढचा व्यायाम सुरू झाला होता. अठ्ठावीस वह्यांत पहिला रकाना एक दिवस न चुकता भरलेला आहे, विसीच्या आईच्या मृत्यूचा दिवस धरून. दुसरा कोरा आहे. अकराव्या वहीत एका ठिकाणी त्यात ‘दोन डझन अंडी, साबण’ असं आहे, ते विसीचं अक्षर.

दाराबाहेरून ती कधीतरी विचारायची, “अरे, वाजवतोयस की मोजतोयस?” मी उत्तर देत नसे. मोजणी चुकली असती.

कलम चार. <s>माझी सरूच्या लाकडाची गिटार नगरपालिकेच्या संगीतशाळेला. अट : ज्या विद्यार्थ्याने चार वर्षांचे व्यायाम दोषरहित पूर्ण केले असतील त्याखेरीज कोणीही तिला हात लावू नये.</s>

कलम पाच. विसीचा धाकटा भाऊ फेर्मिन याला काही नाही. तो घरोघर गॅसच्या टाक्या पोचवतो आणि गिटार महिनाभरात शिकला, कोणाकडे ते त्यालाही आठवत नाही. रियाज म्हणजे काय हे त्याला माहीत नाही, आणि तो वाजवू लागला की माणसं खुर्च्या ओढून जवळ येतात. हा भाग मी क्षमा केला आहे. सूर चढवायला गिटारच्या दांडीला लावतात ती माझी पितळी चिमटी त्याने सहा वर्षांपूर्वी ‘उद्या देतो दाजी’ म्हणून नेली. ही क्षमा केलेली नाही.

कलम सहा. हे कलम एउलोहियो या न्हाव्याबद्दल आहे, वय एकाहत्तर, दुकान चर्चमागच्या उतारावर. त्याच्या भिंतीवर वडिलांच्या काळापासून एक गिटार टांगलेली आहे. दुकानाचा कायदा साधा : खुर्चीत बसण्याची बारी आली की आधी गिटार उतरवून थोडं वाजवायचं, चार सूर का होईनात. वाजवायचं नसेल तर मागच्याला पुढे सोडायचं. मी एकोणीस वर्षं मागच्याला पुढे सोडत आलो आहे. शनिवारी दहाला जातो; दुपारी दार लावलं की कायदा संपतो, मग न वाजवता केस कापून दीडला बाहेर पडतो. दुकानातलं प्रत्येक मासिक मी वाचलेलं आहे, बायकांचीसुद्धा.

ती गिटार सगळ्या जगापेक्षा दीड सूर खाली लावलेली असते. एउलोहियोच्या वडिलांचा गळा जाड होता, त्यांनी ती आपल्या गळ्यापुरती उतरवली, आणि मग साऱ्या आळीचे गळे तिच्यावरच तयार झाले. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन हजार तीन साली, आमच्या संताच्या सणाला, मी सगळ्यांआधी पोचलो. एउलोहियो पाणी तापवत होता. मला ती गिटार ऐकवेना. खिशातून सूर लावायचं यंत्र काढलं आणि तारा चढवून गिटार शास्त्रशुद्ध केली. पहिली तार ताण न सोसून तुटली. उरलेल्या पाच अगदी बरोबर लागल्या.

दुपारी सणाची गर्दी झाली. एउलोहियोने गिटार घेतली, डोळे मिटून वडिलांचं गाणं सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीला त्याचा गळा फाटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फाटला. मग त्याने गिटारकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “इलारियो, गिटार बरोबर झाली रे. आता आम्ही चुकलो.”

सगळं दुकान हसलं. चौदा वर्षं झाली, ते हसू माझ्या कानातून गेलेलं नाही. बाकीच्या तारा त्याने दुसऱ्या दिवशी उतरवल्या. पहिली कधी बसवली नाही. “ज्याने तोडली त्याने बसवायची,” म्हणतो. माझ्या कपाटात तारांची चाळीस पाकिटं पडलेली असताना मी ती नेली नाही, कारण माफी आधी त्याने मागावी असं मला वाटत होतं. त्या आडमुठ्या म्हाताऱ्याला माझ्याकडून काहीही मिळू नये.

इथवर सकाळी घरी लिहिलं. अशा स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, कारण माझी सही मी रोज शंभर कागदांवर करतो आणि तिच्यावर माझाच विश्वास उरलेला नाही. शनिवारी दहा वाजता या गावात जागी आणि रिकामी माणसं एकाच ठिकाणी मिळतात. निघताना कपाटातून एक पाकीट खिशात टाकलं. का टाकलं, ते लिहीत नाही.

कलम सात. हे एउलोहियोच्या दुकानात, बाकावर बसून लिहितो आहे. अक्षर हललेलं दिसेल, बाक हलतो.

मी शिरलो तेव्हा खुर्चीत ओविदियो बेकरीवाला साबण फासून बसला होता, बाकावर फेर्मिन एकटा.

“उस्ताद, एक सही हवी होती,” मी एउलोहियोला म्हणालो.

“कशावर?”

“मृत्युपत्रावर.”

“मग घाई काय आहे? बस. रांग आहे.”

फेर्मिन सरकला. “दाजी, मला काय ठेवलंत?”

“तुझ्याकडे आहे तेच.”

तो हसला. चिमटीचा विषय काढला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “माझं झालंय, मी नुसता ऊब घ्यायला बसलोय. बारी तुमची.”

मी सवयीने मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, दार उघडं असताना, माझ्या मागे कोणीच नव्हतं. मी खिशातून पाकीट काढलं. “उस्ताद, आधी ही तार बसवतो.”

एउलोहियोने वळूनही पाहिलं नाही. “आधी बारी, मग डागडुजी. नवी तार दोन दिवस सरकत राहते. तुझ्याकडे दोन दिवस आहेत?”

“तीन आहेत.”

वस्तरा थांबला. क्षणभरच. “विसी सांगत होती,” तो म्हणाला. “वाजव.”

गुरू कास्तोंचा सातवा धडा मी डोंगराच्या भिंतीकडे तोंड करून हजारो वेळा बिनचूक वाजवलेला आहे. तोच सुरू केला. सातवा धडा पहिल्या तारेवर सुरू होतो. बोट गेलं आणि हवेतून फिरून आलं. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हवा.

“दाजी, हवा छान लागलीय,” फेर्मिन म्हणाला.

मला उठून जायचं होतं. पण गिटार मांडीवर होती आणि अंगठा आपल्या भाराने शेवटच्या तारेवर पडला. ती तार इतकी सैल, इतकी खाली की तिचा आवाज कानाआधी मांडीवरच्या लाकडात कळला. अंगठा पुन्हा पडला. मग मधल्या नखांना जे हाताशी आलं ते त्यांनी छेडलं. एक सूर साफ चुकला. तो चुकला तिथेच मी पुन्हा गेलो, या खेपेस मुद्दाम, आणि तो तितका चुकीचा वाटेना. पुढे काय येणार हे मला ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षांत गिटार हातात असताना हे पहिल्यांदाच मला ठाऊक नव्हतं. फेर्मिन बाकाच्या कडेवर बोटांच्या पेरांनी ठेका देऊ लागला.

“उस्ताद, जरा हळू,” ओविदियो साबणातून म्हणाला. “गाल माझा आहे.”

“हलू नकोस. ठेका चुकेल.”

चांगलं वाजलं असं मी म्हणणार नाही. हे मृत्युपत्र आहे, यात खोटं लिहायचं नसतं. दोनदा वाट चुकलो, एकदा फेर्मिनने पेरांनीच हाक मारून परत आणलं. थांबलो ते हात दमला म्हणून, आणि छातीतली ती झडप स्वतःच्याच तालाने वाजू लागली म्हणून. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. या दुकानात कोणीच वाजवत नाही.

“किती वेळ झाला?” वहीसाठी मी विचारलं.

एउलोहियोने ओविदियोच्या तोंडावरून टॉवेल काढून पाहिलं. “दोन गाल आणि हनुवटी.”

मग मी खुर्चीत बसलो. केस झाल्यावर उजवा हात पुढे केला. त्याने तो उजेडाकडे वळवून पाहिला, मिश्या कापायची बारीक कात्री घेतली. चार नखं संगमरवरावर पडली. फारसा आवाज झाला नाही.

कलम आठ. खाडाखोडीबद्दल. अशा कागदातली खाडाखोड खाली नमूद करून तिच्यावर सही करावी लागते, म्हणून नमूद करतो : कलम चार मी स्वतः खोडलं आहे. त्याऐवजी असं वाचावं : माझी गिटार एउलोहियोच्या भिंतीवर, जुनीच्या शेजारी टांगावी. ज्याची बारी असेल त्याने ती घ्यावी. अट एकच, ती कोणीही शास्त्रशुद्ध लावू नये. कलम सहातलं त्या म्हाताऱ्याला काहीही मिळू नये हे वाक्य रद्द. त्यातला ‘आडमुठ्या’ हा शब्द मात्र राहू द्यावा, त्याने वाचला आहे आणि त्याची हरकत नाही. कलम पाच आहे तसंच.

मंगळवारनंतर मी असलोच, तर सत्ताविसाव्या पानावरून पुढे अठ्ठाविसावी वही चालू करीन. आजच्या तारखेसमोर पहिल्या रकान्यात काही नाही. दुसऱ्यात : दोन गाल, एक हनुवटी.

हे सर्व वाचून पाहिलं, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

इलारियो कांतेरो (सही)

आमच्यासमोर सही केली, शुद्धीवर होता, केस नीट कापलेले होते :
१. एउलोहियो बार्रागान, न्हावी
२. ओविदियो सालासार, बेकरीवाला
३. फेर्मिन केसादा, ज्याला काही मिळालेलं नाही

ग्वादिश, शनिवार, ११ नोव्हेंबर २०१७

ता. क. शाई वाळेपर्यंत एउलोहियोने केस झाडून काढले. तेवढ्यात मी भिंतीवरची गिटार घेतली, पाकीट फोडलं आणि पहिली तार बसवली. यंत्र खिशातच राहू दिलं. बाकीच्या पाच ऐकत ऐकत तिला दीड सूर खाली आणलं, दोनदा सरकली, दोनदा ओढली, आणि गिटार होती त्या खिळ्याला परत टांगली.