सरकारी इंटरनेट आणि मी, एक विद्यार्थी

४ जून
सरकार विद्यार्थ्यांना घरी फुकट इंटरनेट देणार. आमच्या घरी विद्यार्थी नाही. मुलगा शिकून, नोकरी धरून परगावी गेला. ऐन वेळी उपयोगाचा नाही. पण माणूस जन्मभर विद्यार्थीच असतो, असं मी ऑफिसात कित्येकदा म्हटलंय. आता बोले तैसा चाले.

६ जून
कॉलेजात ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. विषय मानसशास्त्र. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसून माणसं वाचण्यात हयात गेली, परीक्षा नावापुरतीच. बायको म्हणाली, खरंच शिकणार की नेटसाठी? संशयी स्वभाव. यावर पुस्तकात धडा असणारच.

१९ जून
राउटर बसला. बसवणारा म्हणाला, या वयात शिकताय काका, कौतुक आहे. भरून आलं. निश्चय : रोज पहाटे उठून अभ्यास. उद्यापासून.

२० जून
पहाटे खुर्चीत बसून पाठ धरली. पाठ धरली की मन एकाग्र होत नाही. मेंदूला वंगण म्हणून ऑनलाइन बुद्धिबळ खेळलो. सगळे डाव हरलो. समोरच्याचं नेट फास्ट असणार.

२ जुलै
ऑनलाइन क्लासला हजेरी नसेल तर नेट बंद. निव्वळ हुकूमशाही! पण डोकं चालवलं. फोनवर क्लास लावून, कॅमेरा बंद करून, तो स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवायचा. मी बाहेर बुद्धिबळ. सापही मेला, काठीही मोडली नाही. बायकोला विचारलं, आवाजाचा त्रास नाही ना? नाही म्हणाली. समजूतदार आहे.

१७ जुलै
हल्ली जेवण करपतं. बायको म्हणे, क्लासच्या मॅडम स्मृतीवर फार छान सांगत होत्या. वर मलाच ऐकवलं : आपण हरलो की दोष परिस्थितीचा, दुसरा हरला की दोष त्याचा, माणसाच्या या खोडीला शास्त्रात नाव आहे. असेल. पण त्याचं नेट फास्टच होतं.

८ ऑगस्ट
मॅडमचा फोन. वर्गात सर्वांत चांगले प्रश्न माझे, म्हणाल्या. मी म्हटलं, कसचं कसचं. फोन ठेवल्यावर आठवलं की मी एकही प्रश्न विचारलेला नाही. चौकशी केली. बायको कामं उरकत माझ्या नावाने प्रश्न टाइप करते! लग्नामुळे तिचं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं, त्याची हौस. मोठ्या मनाने माफ केलं.

२१ ऑक्टोबर
उद्या तोंडी परीक्षा. कॅमेरा चालू ठेवायचाय. बायको म्हणाली, निदान एक धडा वाचा. वाचलेला माणूस परीक्षेत गोंधळतो. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२२ ऑक्टोबर
मॅडमनी स्मृतीचे प्रकार विचारले. मी म्हटलं, दोन : चांगली आणि माझी. कोणी हसलं नाही. मग माझाच ऑगस्टमधला प्रश्न त्यांनी मला विचारला. तो मला कळलासुद्धा नाही. मी नेट गेल्याचा अभिनय करणार, तोच बायको हात पुसत आली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मॅडम, म्हणाली, ते प्रश्न माझे होते.  बसली खुर्चीत, आणि उत्तरही दिलं. बराच वेळ बोलत होती. मी फ्रेमच्या बाहेर उभा. सरकारी नेट एकदाही अडखळलं नाही.

५ नोव्हेंबर
माझं नाव काढलं. नेट बंद. मॅडमनी बायकोला पुढच्या सत्राला स्वतःच्या नावाने बसायला सांगितलंय. ती हो म्हणाली. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं.

१२ जानेवारी
राउटर पुन्हा चालू, बायकोच्या नावावर. पासवर्ड बदललाय. मागितला, तर म्हणाली, हे विद्यार्थ्यांसाठी आहे.

२ मार्च
बायकोला ओळखीच्या एका माणसाचा अभ्यास करून निबंध लिहायचाय. तिने मला निवडलं. साहजिक आहे. आठवडाभर मुलाखत देणार.

२० मार्च
निबंध परत आला. या सत्राच्या नव्या मॅडमचा शेरा : निरीक्षण उत्तम, पण काल्पनिक पात्र चालणार नाही, खऱ्या माणसावर लिहा. बायकोने परोपरीने सांगितलं. मॅडमना पटेना. उद्या संध्याकाळी मला पुरावा म्हणून क्लासला बसायचंय.