दोन्ही उंट पांढऱ्या घरातले

अप्पा,

रविवारी दुपारी भवानी पेठेतल्या दुकानाची एकच फळी उघडी असायची. चादरींच्या घड्यांवर पट मांडून आपण समोरासमोर बसायचो. मी कॉन्व्हेंटमधला शब्द मिरवत उंटाला बिशप म्हणते. तुम्ही हसता, "बिशप असा तिरका पळतो व्हय गं?" मग माझ्या प्याद्यांवर बोट ठेवता. "उंट पांढऱ्या घरातनं चालतोय आणि तू आपलीच प्यादी पांढऱ्यात उभी केलीस. जाणार कुटं तो? वाट दे की त्याला." उंटांची जोडी फोडू नको, हे तर तुम्ही दर डावाला सांगायचात. एक पांढऱ्यातला, एक काळ्यातला. दोघं मिळून अख्खा पट राखतात.

नववीत शाळांच्या स्पर्धेत, शेवटच्या डावात, समोरच्या मुलीचा एकटा राजा उरला होता. माझ्याकडे राजा, पांढऱ्या घरातला उंट आणि एक प्यादं. ते प्यादं पलीकडच्या ओळीत, तिच्या उंटाच्या मूळ घरात पोचलं. आपल्या घरच्या खेळात प्यादं ज्या सोंगटीच्या घरात पोचेल तीच सोंगटी व्हायचं. मी उंट मागितला. ते घरही पांढरंच होतं. माझे दोन्ही उंट पांढऱ्यात फिरत राहिले आणि तिचा राजा काळ्या घरात निवांत. डाव बरोबरीत सुटला. पंच म्हणाले, "बाळ, वजीर का नाही मागितलास? हवं ते मागता येतं." वजीर मागितला असता तर मी जिल्ह्याच्या संघात गेले असते.

घरी आल्यावर दप्तरही न उतरवता मी आईसमोर तुम्हाला म्हणाले, "तुमच्या अडाणी खेळामुळं गेलं सगळं." तुमच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "चुकलं माझं, बाळ," एवढंच बोललात. त्यानंतर 'मांडू का पट?' असं तुम्ही मला कधी विचारलं नाही. मीही मांडला नाही. पुढं माझं लग्न झालं, मग तुम्ही गेलात.

परवा आपलं जुनं घर रिकामं करताना सोंगट्यांचा डबा सापडला. झाकणाच्या आत तुमचं अक्षर आहे: 'प्यादं शेवटच्या घरात पोचलं की काय व्हायचं ते खेळणाऱ्यानं सांगायचं. शाळेत जाऊन सिस्टरांना विचारलं.' त्या फाटकातून आत जायला तुम्ही किती बिचकायचात. कधी गेला होतात, मला कुणी सांगितलं नाही.

पट आणि सोंगट्या दादाच्या नातीला द्यायच्या. ती क्लासला जाते, चांगली खेळते. डबाही तिलाच, झाकणासकट. उरलेल्या चादरी सुनेला. हे पत्र कुणालाच द्यायचं नाही. नियम मला माहीत होता, अप्पा. सिस्टरांनी तो स्पर्धेच्या आदल्याच दिवशी सांगितला होता. ऐन वेळी मीच विसरले.