चाळीस पिक्सेलचा चेहरा

४ फेब्रु., मंगळवार
दुकानाचं शटर वर करत होते तेवढ्यात राजेंद्र आला. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो. त्याच्या पोरीचे शाळेचे फोटो मीच काढलेले. त्याची आई रविवारपासून सापडत नाही. विसरायला लागली म्हणून महिन्यापूर्वी माळशिरसहून इकडं आणली होती. भाजी आणते म्हणून गेली, ती गेलीच. पोलिसांत दिलंय.
"ताई, हिचा मोठा फोटो करून द्या. सगळीकडं लावतो."
फोटो म्हणजे पुतण्याच्या लग्नातला ग्रुप. आई मागच्या रांगेत. व्हॉट्सॅपवर चार जणांकडून फिरून आलेला. चेहरा मोजला. आडवे चाळीस पिक्सेल. मोबाइलवर ठीक दिसतो, पण पोस्टरवर...
"दुसरा नाही?"
"न्हाय की. फोटोला उभीच ऱ्हात न्हाय ती."
साधा मोठा केला, तर भिजलेल्या पिठासारखा. मग एआयच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. मिनिटात पापण्या, सुरकुत्या, ओठांच्या कडा. खरं लिहायचं तर मला आनंद झाला.
राजेंद्र बघत राहिला. "जरा येगळी दिसतीया. पण लई साफ आलाय."
घाई होती. वेगळी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

८ फेब्रु.
एक फोन नाही. रिक्षा स्टॉपवर येता-जाता पोस्टर दिसतं. ती बाई सरळ माझ्याकडं बघते. मूळ फोटोत ती कॅमेऱ्याकडं बघत होती का? आठवत नाही. कामात लक्ष नाही. एका नवरीचा अल्बम दुसरीच्या फोल्डरमध्ये टाकला.

९ फेब्रु., रविवार
राजेंद्र वळसंगला जाऊन आला. तिथं फाट्यावर चहाची गाडी लावणारी एक बाई आहे. ती म्हणाली, बुधवारी एक म्हातारी येऊन बसली होती, पण ही नव्हं. पोस्टर तिनं बघितलं होतं. त्या म्हातारीच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं.
"ताई, आईच्या हनुवटीवर हाय की गोंदण. तीन ठिपके."
पोस्टरवर हनुवटी स्वच्छ. चाळीस पिक्सेलमध्ये ते गोंदण एका करड्या चौकोनाएवढंच उरलेलं. सॉफ्टवेअरनं डाग समजून पुसलं, आणि पापण्या-ओठ भलत्याच बायकांचे आणून बसवले.
चूक माझी, म्हणाले.
"मला बी कळलं न्हाय की. माझी आय असून."
बुधवारपासूनचे चार दिवस गेले.

१० फेब्रु.
लग्नाचे फोटो काढणारा माळशिरसचा. पाच वेळा फोन, तेव्हा उचलला. हार्डडिस्कवर मूळ फाइल होती. व्हॉट्सॅपवर नको, मेल करा, असं तीनदा बजावलं.
दुपारी आली. चेहरा दीडशे पिक्सेल. तीन ठिपके, एक पुसट. डावी पापणी उतरलेली. बघतेय भलतीकडंच. कशालाही हात लावला नाही. फोटो पोस्टकार्डाएवढाच ठेवला, मोठा केला की फुटतो. उरलेल्या जागेत ठळक अक्षरांत गोंदणाबद्दल लिहिलं.
राजेंद्रनं कागदावर बोट ठेवलं. "ही."
नान्ना, माझे वडील, याच टेबलावर निगेटिव्हवरचे वांग पेन्सिलीनं घालवायचे. पण गिऱ्हाइकाला विचारून.

१२ फेब्रु.
आधीची पोस्टरं आम्ही दोघांनी फिरून काढली. नवी चिकटवली. फोन सारखा हातात. अम्मानं दोनदा विचारलं, "तिन्नावा?" जेवले म्हणून सांगितलं. कुठलं जेवण.

१३ फेब्रु., गुरुवार
चारला राजेंद्र बायकोला घेऊन धावत दुकानात. चहावालीचा व्हिडिओ कॉल. वळसंगच्या पुढं मळ्यात ज्वारी काढणाऱ्या बायकांनी एका म्हातारीला ठेवून घेतलंय, भाकरी देतात.
मळ्यात रेंज नाही. पडद्यावर नुसते चौकोन. हिरवा, पिवळा, मधे कुणीतरी बसलेलं.
"आये! ए आये, हिकडं बघ की!"
मान वळली. त्याच क्षणी चित्र थिजलं. कॉल तुटला.
"तीच हाय," राजेंद्र.
"चेहरा दिसला?"
"न्हाय. पदर कानामागं खवला बघा तिनं. आयच खवती तसा."
दोघं लगेच तिकडं निघाले. त्याच्या बायकोनं गाडीवर बसताना शालीची पिशवी तेवढी छातीशी धरली.
आता पाच. एवढ्यात पोचायला हवेत. मी लावलेला फोन लागत नाही. थिजलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घेतलाय. उघडला. दोन बोटांनी ताणून मोठा करायला गेले, आणि तसाच बंद केला.