पुलाच्या दोन बाजूंचं पाणी

२ फेब्रुवारी, रविवार
नदीच्या अलीकडचं शहर राहायला चांगलं की पलीकडचं? महिनाअखेरीपर्यंत निर्णय. निकष: पाणी, हवा, आवाज, रस्ते. पाणी तपासणं हा तर माझा रोजचा धंदा. भावना हा निकष नाही. गेल्या वर्षी त्याने लग्नाला नकार दिला, त्याचा इथे संबंध नाही. पुलाच्या अलीकडे, म्हणजे आमच्याकडे, त्याचा जीव गुदमरतो, एवढंच तो म्हणाला होता. म्हणजे अडचण जागेची होती. जागेची अडचण सोडवता येते.

५ फेब्रुवारी
आईला सांगितलं. म्हणाली, पलीकडे काय सोनं पिकतं? पुराव्यानिशी दाखवीन म्हटलं. दादा म्हणाला, पुरावा उंच आहे आणि चष्मा लावतो, ठाऊक आहे आम्हाला.
घरात विज्ञानाची कदर नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
पलीकडचा आवाज मोजला. त्याच्या इमारतीसमोरच्या बाकावरून, कारण तिथे सावली आहे. शांतता उत्तम. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दुपारभर बंद. धूळ येत असावी. हवेचे गुण कापले. मग परत दिले. एका खिडकीवरून हवेचा अंदाज बांधणं अशास्त्रीय.

१३ फेब्रुवारी
अलीकडचं शहर पुढे. बस थेट, दवाखाना जवळ, आई-बाबा इथेच. चूक सापडली: आई आणि बाबा वेगवेगळे मोजले होते. एक केले. तरी पुढेच. मग ‘नदीवरचा वारा’ हा निकष वाढवला. आता पलीकडचं पुढे. वारा दोन्ही काठांवर येतो, असं बाबांचं म्हणणं. बाबा कॉमर्सचे.

१८ फेब्रुवारी
पलीकडे खोली पाहिली. मालकीणबाईंनी विचारलं, एकट्याच का? सध्या, म्हटलं. होकार देऊन आले. आईने कपाटातून माझी रजई काढून उन्हात टाकली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पलीकडच्या पाण्याचा नमुना तेवढा राहिलाय. तो वापरातल्या नळाचा हवा. पलीकडे ओळखीचा नळ एकच. उद्या जाईन. निळा ड्रेस घालीन, कारण त्याला खिसा आहे. बाटली मावते.

२३ फेब्रुवारी, रविवार
दार त्याच्या आईने उघडलं. काकूंनी बाटली भरून दिली, झाकणही पुसून. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, तो इथे नसतो गं आता. लग्न झाल्यापासून दोघं तुमच्याकडेच राहतात की, पाणी शुद्ध करतात ना, त्या केंद्राच्या मागच्या गल्लीत. सुनेला ऑफिस जवळ पडतं. आणि त्यालाही तिकडे फार मोकळं वाटतं म्हणे.
मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, बस जरा, पाणी पी.
बाटली खिशातच होती. त्यांनी पेला भरून आणला.

२४ फेब्रुवारी
दोन्ही शहरांचे नमुने तपासले. काडीचा फरक नाही. असणारही नव्हता. दोन्हीकडे आमच्याच केंद्रातून पाणी जातं. रोज सकाळी ते तपासून मीच सही करते.
मालकीणबाईंना नाही म्हणून कळवलं. आईने रजई घडी करून आत ठेवली.
माझ्या लॅबची खिडकी मागच्या गल्लीत उघडते. आज बंद ठेवली. धूळ येते.