बाहेर उघडणारं दार

४ नोव्हेंबर
मोकपोला पोचले! स्टेशनाबाहेर माशाच्या वड्यांचा गरम रस्सा प्यायले, जीभ भाजली, तरी आणखी एक वाटी घेतली. आईला फोन करून सांगितलं की तुझी उन-सो आता ओकचॉन सार्वजनिक स्नानघराची आगसुरक्षा अधिकारी आहे. ती म्हणाली, अगोबाई, म्हणजे आता तुला फुकट अंघोळ! मालकीण फ्योबाईंनी भाजलेली अंडी आणि तांदळाचं गार सरबत पुढे केलं. अशी नोकरी सगळ्यांना मिळो.

५ नोव्हेंबर
आज इमारत पाहिली. पुढचं दार बाहेर उघडतं. आपल्या कोरियात घरांची दारंही तशीच उघडतात, आत उंबऱ्याशी चपला काढलेल्या असतात ना. पण तळघरात, बायकांच्या स्नानघराच्या मागच्या बाजूला आगीच्या वेळी पळायचं जे दार आहे, ते आत उघडतं! आग लागली की माणूस दार ओढत बसत नाही, ढकलतो. मागची पुढचीला रेटते, पुढची दाराला चिकटते, आणि मग आत उघडणारं दार कोणाच्या बापाच्यानेही उघडत नाही. प्रशिक्षणात हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

फ्योबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाहेर उघडणाऱ्या दारातून बरकत सांडते, तू वरचे दिवे बघ. त्या दाराच्या चौकटीवर त्यांनी, काही वाईट येऊ नये म्हणून, दोऱ्याने बांधलेला सुका मासा टांगलाय. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

९ नोव्हेंबर
मला इथे कोणी धड बोलत नाही. मी खाली उतरले की गरम पाण्याच्या टाकीतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारतात. आली गं दारवाली, झाका आपापली दारं, असं एकजण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. अंग घासून देणाऱ्या, इन-ची नावाच्या मावशी तर माझ्या पायांवर मुद्दाम बादली उपडी करतात. नवा मोजा रोज भिजतो. राग येतो, पण नियम म्हणजे नियम.

एक गोष्ट मात्र खटकली. रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती, बायका नळासाठी भांडत होत्या, तरी त्या दाराजवळचे नळ मोकळेच होते. मी दार ओढून पाहिलं. कुलूप नव्हतं, गंज नव्हता, तरी जड. त्याच्यावर कोणीतरी रेललंय असं वाटलं. पलीकडून नव्हे, मी उभी होते त्याच बाजूने.

१३ नोव्हेंबर
इन-ची मावशींनी आज स्वतःहून तोंड उघडलं. माझ्या आईच्या तरुणपणी इथला बॉयलर पेटला होता म्हणे. बायका होत्या तशा या दाराकडे धावल्या आणि ढकलत राहिल्या. ओढायला जागाच उरली नाही. त्यात मावशींची थोरली बहीण होती. मावशी म्हणाल्या, अजून ढकलतायत गं त्या. ढकलू दे. दार आत उघडतं तोवर त्यांच्याच रेट्याने ते बंद राहतं. तू ते फिरवू नकोस, पोरी.

मला वाईट वाटलं, खरंच. पण मेलेल्यांसाठी जिवंत बायकांना कोंडून ठेवायचं? उद्या खरी आग लागली तर? फ्योबाईंना स्पष्ट सांगितलं की दार फिरवा, नाहीतर मी अग्निशमन कचेरीत तक्रार करते. त्यांनी मला अशा शिव्या दिल्या की पाणी तापवायला कोळसा लागू नये. मग म्हणाल्या, कर तुझ्या मनासारखं.

१७ नोव्हेंबर
सुट्टीचा दिवस. सकाळीच नाम नावाच्या लोहाराला बोलावून बिजागऱ्या फिरवून घेतल्या. शेवटचा स्क्रू बसला आणि दार आपणहून धाडकन बाहेर उघडलं, भिंतीवर आपटलं. गरम वाफेचा लोट अंगावरून गेला. बॉयलर बंद होता. नाम हत्यारं टाकून पळाला. बाहेरच्या जिन्यावर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे. खूप. सगळे वर जाणारे.

दार नियमाप्रमाणे झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

१८ नोव्हेंबर
एकही गिऱ्हाईक नाही. फ्योबाई स्नानघराला कुलूप लावून मुलीकडे निघून गेल्या, मला शिवीसुद्धा दिली नाही. मावशी म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण केलंस. त्या बाहेर तर आल्या, पण बाहेर आलोय हे त्यांना कुठे कळतंय? ज्या बाईने वाट उघडली तिच्यामागे उभ्या राहतील. आणि ढकलतील. दुसरं काही त्यांना येत नाही.

१९ नोव्हेंबर
बाजारात पाठीवर हात. तळवे ओले, गरम. मागे वळले तर कोणी नाही— बसच्या थांब्यावर पुन्हा. चाकाखालीच गेले असते. एका आजोबांनी बाही धरून ओढलं आणि माझ्यावरच खेकसले, दारू पिऊन हिंडतेस का म्हणून.

भीती वाटते. आईला फोन केला, उद्या घरी येते एवढंच सांगितलं.

२० नोव्हेंबर, दुपार
स्नानघराच्या वरच्या मजल्यावर, माझ्या राहायच्या खोलीत. बॅग भरली. घरी जाते—

खोलीत वाफ. खिडकीला गज. मागे कुजबुज, खोकला—

दार उघडत नाही. ही पूर्वी कोठी होती. दार आत उघडतं. साऱ्या इमारतीची दारं तपासली मी, माझंच नाही. इंचभर ओढते, मागून रेटा येतो, बंद. पुन्हा ओढते—

छाती दाराला. वही दारावरच टेकवून—

मावशी आल्या! बाहेरून हाका मारतायत. खांदा लावून ढकलतायत. एकट्या. इकडून आम्ही इतक्या—

आता ओढताही येत नाही, हात मध्ये अडकला. बायांनो, ऐका. मी अधिकारी आहे. ढकलू नका. जरा मागे सरा. एकच पाऊल, मग आपण सगळ्याच—